तेलगावचा कॉम्प्युटर

चंद्रभागाबाईने वय सांगितलं, लेकरं सांगितली, ओटीपोटातलं दुखणं सांगितलं. डॉक्टर सिद्धाराम एकेक उत्तर कॉम्प्युटरमध्ये टाकत होते. ऊसतोड टोळीचा मुकादम धोंडीराम मागे उभा राहून असा मध्ये मध्ये बोलत होता, जणू पोट त्याचंच दुखत होतं.

“पिशवी काढूनच टाका डाक्टरसाब. दसरा झाला की तोडीला निघायचं हाय. तिकडं ही पोट धरून बसली, तर नवऱ्याच्या जोडीला कोण?”

“कॉम्प्युटर सांगेल तसं करू,” डॉक्टर म्हणाले.

प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला. ऑपरेशन नको.

धोंडीरामचं तोंड उतरलं. पूर्वी डॉक्टर नको म्हणाले की तो त्यांच्याशी हुज्जत घालायचा, बाईला जीपमध्ये बसवून दुसऱ्या दवाखान्यात न्यायचा आणि पिशवी काढूनच परत आणायचा. हा कॉम्प्युटर आल्यापासून त्याचा तो उद्योग बंद पडला. डॉक्टरशी भांडता येतं, पुण्याहून आलेल्या यंत्राशी कोण भांडणार? बायकांचा तर त्या यंत्रावर भारी जीव. जाताना त्याला कुंकू लावायच्या, आणि ते पुसता पुसता सिस्टर वत्सलाबाई रोज वैतागायच्या.

चंद्रभागाबाईनेही हात जोडले. “लई उपकार झाले रे बाबा तुझे,” ती थेट कॉम्प्युटरलाच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. पिशवी काढलेली तिची थोरली जाऊ अजून कंबर धरून चालत होती.

“आत या. तपासून दुखण्यावर औषध देतो,” डॉक्टर म्हणाले.

पडद्यामागे त्यांनी तिचं पोट तपासलं. हात एका जागी थांबला. पुन्हा दाबून पाहिलं. गाठ होती, चांगली मोठी आणि घट्ट.

बाहेर येऊन ते म्हणाले, “बाई, ऑपरेशन करावं लागेल. लवकर. नाहीतर जिवावर बेतेल.”

“बघ! मी काय म्हणत होतो?” धोंडीराम खूश झाला.

चंद्रभागाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे. “आत्ता तर नको म्हणलं की त्यानं.”

“त्याचं चुकलं.”

“त्याचं कसं चुकंल? माझ्या नणंदेला नको म्हणलं, ती ठणठणीत हाय. तुमी बी मुकादमाला सामील झालात का भाऊ?”

कागद पदरात बांधून ती दाराकडे निघाली. बाहेर बाकावर धोंडीरामने आणलेल्या आणखी बायका बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग धोंडीरामच्या देखतच तिला हाक मारली.

“थांबा बाई. त्या यंत्राला दुसरं काही येतच नाही. कुणीही बसलं तरी ‘ऑपरेशन नको’ एवढंच छाप, असं मीच त्याला शिकवलंय.”