बोंबलाचा वास

आखातातल्या एका वकिलातीच्या काचेच्या खोलीत भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास सोडला गेला. सुभान मुकादम डोळे मिटून बसला होता. वासाबरोबर त्याच्या मनात जे घर उभं राहील, ते समोरच्या पडद्यावर दिसणार होतं. ते त्याच्या गावचं, श्रीवर्धनचं निघालं तरच पुढच्या देशातल्या कामाचा व्हिसा मिळणार होता. इथला परवाना शुक्रवारी संपत होता.

पडद्यावर कामगारांची खोली आली. आठ खाटा आणि मधे शेगडी.

"चाचा, हे तर इथलंच," खिडकीपलीकडची कारकून रेवती म्हणाली. "घरून बोंबील मागवून सराव केलात ना?"

"महिनाभर. रोज भाजायचो, सगळे मिळून खायचो."

"तिथंच चुकलं. आता एकच संधी उरलीय. आईची चूल आठवा."

सुभानने खोल श्वास घेतला. आई गेली तेव्हा रजा मिळाली नव्हती. तिचं तोंडही त्याला पाहता आलं नव्हतं.

पडद्यावर हळूहळू चूल पेटली. आई दिसली. रेवतीने सुस्कारा सोडला. तेवढ्यात चुलीभोवती खोलीतले सातही सोबती ताटं घेऊन बसलेले दिसले आणि आई त्यांना वाढू लागली.

"चाचा, उठवा त्यांना! असं घर यंत्र गावचं धरत नाही. वीसच सेकंद राहिलेत."

सुभान डोळे उघडून बघत राहिला. सातव्याला वाढून झाल्यावर आई मागं वळली आणि आठवं ताट शोधू लागली.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "जेवू दे त्यांना."