लाल टोपी आणि कलम सात

डोळे पुसतपुसतच तो खुर्चीत बसला. पार्सलांची पिशवी मांडीवर घेतली, लाल टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, मला पेपर स्प्रेचा परवाना पाहिजे."

परवानाबाईंनी कोरा अर्ज पुढे ओढला. एरवी त्या अर्जदाराकडे मान वर करूनसुद्धा बघत नसत, पण आज स्वारी खुशीत होती. त्यांचं नऊ महिन्यांचं बाळ काल पहिला शब्द बोललं होतं. "आई" म्हणेल म्हणून बाई महिनाभर कान टवकारून बसल्या होत्या, सासूबाईंचा डाव "आजी"वर होता. बाळ दोघींकडे बघून गोड हसलं आणि म्हणालं, "फुस्स."

"कुकर ऐकून शिकलं असणार," शिपाईमामांनी सकाळीच निकाल दिला होता.

"कशापासून संरक्षण हवंय?" बाईंनी विचारलं.

"एका दारापासून."

"दारापासून?"

"म्हणजे दारामागच्या बाईपासून. मी पार्सल पोचवतो मॅडम. सोमवारी बेल वाजवली. साखळी लावलेलं दार बोटभर उघडलं, फटीतून बांगड्या घातलेला एक हात आला आणि माझ्या डोळ्यांत मिरचीचा स्प्रे मारून आत गेला. 'कोण' नाही, 'काय' नाही. मंगळवारी तेच. काल गॉगल घालून गेलो."

"मग?"

"तोंडावर मारला."

शिपाईमामा फाइल शोधायच्या निमित्तानं कपाटाआड गेले. त्यांचे खांदे हलत होते.

"गिऱ्हाइकाला फोन करायचा ना आधी."

"केला की. सकाळभर कुणी उचलतच नाही. हल्ली लोकांना घरात बसून वस्तू मागवता येतात, फोन तेवढा उचलता येत नाही."

"खरंय," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा फोन नियमाप्रमाणे आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये होता. एक वाजेपर्यंत ड्रॉवर उघडायचा नाही, हा साहेबांचा हुकूम.

"डोळ्यांची आग अजून थांबलेली नाही. तीनदा पार्सल परत नेलंय. आज चौथ्यांदा नेलं तर उद्यापासून येऊ नको म्हणालेत. मला परवाना द्या. आज मीही तयारीनं जातो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नियम समजावून सांगणं हा त्यांचा आवडता भाग होता.

"हे बघा, स्प्रे फक्त जिवाला धोका असेल तेव्हा, आणि धोका असेल तेवढाच वेळ. राग आला म्हणून नाही, उट्टं काढायला तर नाहीच. दार वाजवणाऱ्यानं दार उघडणाऱ्यावर मारला तर तो सरळसरळ हल्ला. आत तुम्ही जाल."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तिनं मारला तर चालतं?"

"मुळीच नाही. बेल वाजवणं म्हणजे हल्ला नव्हे. तुम्ही परवान्याचा अर्ज करूच नका, तक्रार करा. मी इथेच नोटीस काढते. स्प्रे जप्त, परवाना रद्द, वर शिक्षा." तक्रारीचा कागद काढून त्या लिहू लागल्या. "घरात आणखी कोण असतं?"

"एक लहान मूल असावं. मला स्प्रे बसला की आतून खिदळण्याचा आवाज येतो."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "लेकरासमोर? काय वळण लागणार त्या पोराला? आणि आई कुठे उलथलेली असते?"

"देव जाणे."

बाईंच्या डोळ्यांपुढे आपलं बाळ आलं. सासूबाई होत्या म्हणून नोकरी होती. चोऱ्यांच्या बातम्या वाचून त्या दर आठवड्याला दाराला एक नवी कडी लावून घेत हे खरं, पण नातवाला तळहाताच्या फोडासारखं जपत. आता ते भिंत धरून उभं राहू लागलं होतं. कुठे हे घर आणि कुठे ते.

"बाई, कलम सातही लावा," शिपाईमामा कपाटाआडून म्हणाले. "स्प्रेची डबी कुणा दुसऱ्याच्या नावावर असली तर? आपला स्प्रे दुसऱ्याच्या हाती देणाराही तेवढाच दोषी. सरकारी नोकर असला तर नोकरीवर गदा."

बाईंचं पेन कागदावर क्षणभर थबकलं.

"लावायलाच हवं," त्या म्हणाल्या आणि कलम सात जरा बारीक अक्षरात लिहिलं.

"तुमची डबी कुठे असते हो बाई?" मामांनी सहज विचारलं. "पर्समध्ये कधी दिसली नाही."

"घरी राहते," बाई म्हणाल्या आणि शिक्क्याची डबी उघडली. "तुम्ही फाइल शोधा."

त्यांनी सही केली. शिक्का उमटवला. नोंदवहीत क्रमांक चढवला. एकदा क्रमांक चढला की नोटीस साहेबांनाही मागे घेता येत नसे.

पार्सलवाल्याचे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी मिरचीशिवाय. "मॅडम, माझी नोकरी वाचवलीत. इतक्या आपुलकीनं कुणी ऐकूनसुद्धा घेत नाही."

"अहो, न्याय म्हणजे न्याय. आता त्या घराचा पत्ता सांगा."

तो पिशवीत हात घालून पार्सल शोधू लागला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. बाईंनी ड्रॉवर उघडला तेव्हा फोन थरथरतच होता. पलीकडे सासूबाई होत्या, आणि त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे टेबलापलीकडेही ऐकू येत होता.

"अगं, बाळाच्या बुटांचं पार्सल आजही नाही आलं. आणि तो मेला लाल टोपीवाला चोरही अजून फिरकला नाही बघ, बाळ बिचारं मघापासून दाराकडे बघून फुस्स फुस्स करतंय."