शाबूत कुलूप

साळूबाईनं पिशवीतनं पितळी कुलूप काढलं आन् काउंटरवर असं आपटलं, की नानासोच्या कपातला चहा बशीत सांडला.

"कुलूप घिऊन या म्हणला व्हता. ह्ये बघा, आनलंय."

नानासोनं बघितलंबी न्हाई. कुलूप शेजारी बसल्याल्या कंपनीच्या सायबाकडं सरकवलं. रहिमतपुरातलं ह्ये दुकान नानासोचं, टीव्ही इकला नानासोनं, आन् टीव्ही चोरीला गेल्यावर बोलायला मातर साताऱ्यासनं सायेब. सायबाच्या गळ्यात टाय व्हता, ढेरीच्या निम्म्यावरच संपल्याला. एवढ्याशा फडक्यावर माणूस एवढा ताठ कसा बसतोय, ह्येच साळूबाईला कळंना.

सायबानं किल्ली घालून कुलूप उघडलं, लावलं, परत उघडलं.

"आजी, हे तर शाबूत आहे."

"व्हय. तुटलंय म्हणून कवा म्हणले मी?"

"मग चोरी कशी झाली?"

"दारातनं. कडी काढली, आत आला, टीव्ही उचलला, गेला. पोलिसानं लिवून दिलंय की समदं."

"पण दाराला कुलूप का नव्हतं?"

साळूबाईचं डोस्कं फिरलं. ह्ये काय इचारायचं झालं?

"नवरात्रातली आठवी माळ व्हती. घरातली समदी औंधाला यमाईच्या डोंगरावर गेलो व्हतो. घरात घट बसल्यालं, दिवा तेवत व्हता. घट बसल्याल्या घराला कुलूप घालत्यात व्हय रं? कुठल्या गावचा तू?"

सायबानं टाय सारखा केला. "वाढीव गॅरंटीत चोरी आहे आजी, नाही म्हणत नाही. पण कुलूप तोडून झालेली चोरी. इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय. उघड्या घरातनं गेलं तर कंपनी काय करणार? तो मालकाचा निष्काळजीपणा."

साळूबाई नानासोकडं वळली. "आन् तुमी वो? ती वाढीव गॅरंटी गळ्यात मारताना इंग्रजी कुठं गेलं व्हतं? 'जळू दे, पडू दे, चोरीला जाऊ दे, मावशी तुमी तीन वर्सं निवांत झोपायचं.' ह्येच त्वांड व्हतं न्हवं?"

नानासो बशीतला चहा वरपत हासला. गिऱ्हाइक गेल्यावर हासायचं हासू त्यो तिच्या तोंडावर हासला.

साळूबाईला घर दिसाय लागलं. त्या दिसापासनं ल्योक जेवताना रोज एकच बोलायचा, "लाव आजून दिवं. तुझ्या यमाईनं टीव्ही गिळला." सून काय म्हणायची न्हाई. पर टीव्हीच्या रिकाम्या फळीवर तिनं साधा तांब्यासुदीक ठिवला नव्हता, मुद्दाम. दुपारी निघताना साळूबाई दोघांस्नी सांगून आली व्हती, टीव्ही घिऊनच यीन.

सायेब शिगरेट वढाय दाराबाहेर गेला. तसा नानासो म्होरं वाकला, आवाज बारीक केला.

"मावशी, उगंच तंडता. गावात लोहार हाय न्हवं? दोन घाव घालून आना कुलपावर. म्होरल्या आठवड्यात सायेब परत यील, मी म्हणतो पैलं कुलूप दुसरंच व्हतं. टीव्ही मिळंल. माझंबी काय त्ये बघा मग."

"म्हंजी चोराचं राहिल्यालं काम मी करू?"

"आवं, समदीच करत्यात."

साळूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. कपाळाला ह्यो एवढा मळवट. दुकानाच्या पाटीवर यमाईचं नाव. काउंटरच्या अंगाला खोक्यांवर लाकडी देव्हारा, त्याला जाळीची दोन दारं, दारांस्नी पितळी कड्या. आत यमाईचा फोटू, आन् फोटूला त्याच्या मळवटापेक्षा कमी कुंकू.

"तुमच्यात घट बसत्यात?" तिनं इचारलं.

"बसत्यात म्हंजी! नऊ दिस पायात चप्पल न्हाई घालत मी."

"घराला कुलूप घालता तवा?"

"छ्या, छ्या! दिवा असतोय की घरात." बोलून गेला आन् नानासोनं जीभ चावली. मग खाकरला. "आमच्यात मंडळी असत्यात घरी. तुमचं येगळं."

साळूबाईनं सायबानं उघडं ठिवल्यालं कुलूप किल्लीसकट आपल्याकडं वढलं.

दिवस कलला व्हता. नानासो उठला. "थांबा जरा, दिवाबत्ती करतो. ह्या टायमाला टीव्हीचा आवाज चालत न्हाई हितं. देवीचं काटेकोर असतंय आपलं." भितीवर वळीनं टीव्ही लावल्यालं. त्यो एकेकाचा आवाज बंद करत पार टोकाला गेला. दुकान गपगार झालं.

तेवढ्यात कट् करून आवाज आला.

नानासो काडी वढूनच वळला. देव्हाऱ्याच्या दोन कड्यांत साळूबाईचं पितळी कुलूप लोंबत व्हतं. साळूबाई किल्ली कनवटीला खोचत व्हती.

"आवं मावशी! ह्ये काय? दिवा लावायचा ऱ्हायलाय... किल्ली द्या हिकडं!"

"तोडा की. गावात लोहार हाय न्हवं? दोन घाव."

"देवीच्या दारावर घाव घालू?"

"कुलूप तुटल्याबिगार तुमच्यात काय झालंच न्हाई म्हणत्यात." तिनं रिकामी पिशवी काखंला मारली. दारात सायेब शिगरेट हातात धरून हुबा व्हता. त्याला हातानं बाजूला सारून ती पायरी उतरली, आन् मागं वळून म्हणली, "तुटल्यालं कुलूप तेवढं जपून ठिवा, नानासो. उद्या येते न्यायला."

काडी जळत नानासोच्या बोटापतूर आली, तरी फुकायचं त्याला सुदरलं न्हाई. भितीवरच्या समद्या टीव्हीत माणसं नुसती तोंडं हालवत व्हती.