दस्त्यावरच्या खुणा

ओलं फडकं चुरचुरलं, वाफ निघाली आणि बेव्हननं इस्त्री उचलली. फडक्याखालचा खड्डा गेला होता. अक्रोडाचं लाकूड गुणी असतं. नुसतं दबलं असेल, तर वाफ मिळताच फुगून जागेवर येतं. बापाच्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दस्त्यावरचे अकरा खड्डे सकाळपासून त्यानं असेच बुजवले होते. बारावा राहिला होता.

तो एक खड्डा नव्हता, बारीक खड्ड्यांची रांग होती. दस्त्याच्या वरच्या कडेला, दोन्ही अंगांना, चंद्रकोरीच्या आकाराची. तिथलं लाकूड काळपट पडलं होतं. बेव्हननं जुनं पॉलिश उतरवलं, तीन वेळा पुसून काढलं, पण त्या एका जागी तेल इतकं आत मुरलं होतं की डाग हलायला तयार नव्हता.

बाकी काम झालं होतं. नळीचा गंज गेला होता, गोळी नळीत ढकलणारा बोल्ट काढून नेहमीसारखा वेगळ्या कपाटात कुलूपबंद होता. पुढच्या महिन्यात, एप्रिलमध्ये, हरणांच्या माजाचा हंगाम सुरू झाला की त्याची मुलगी टेगन ही रायफल घेऊन पहिल्यांदा डोंगरात जाणार होती. तिच्या हाती ती नव्यासारखी द्यायची, बापाची एकही खूण तिच्यावर ठेवायची नाही, असं बेव्हननं ठरवलं होतं.

त्याचा बाप क्लॅरी सरकारी शिकारी होता. न्यूझीलंडची जंगलं ओरबाडून खाणारी हरणं मारायची, हे त्याचं काम. माणूस घुमा. बेव्हनचा वाढदिवस एप्रिलमधला. दरवर्षी घरात केक कापला जायचा आणि बाप मागच्या पायरीवर रायफल मांडीवर घेऊन जवसाचं तेल चोळत बसायचा. हंगाम आला की शिकाऱ्याला पोरगं कुठलं आठवायला? बारा वर्षांचा असताना बेव्हननं बापाला खूश करायचं म्हणून दस्त्याला पॉलिश पेपर लावला. बापानं रायफल हिसकावून घेतली. "हिला पुन्हा हात लावायचा नाही," एवढंच बोलला आणि उठून गेला. बाप जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. पण त्या लाकडापुढे आपली काही किंमत नाही, हे मुलाच्या मनात बसलं ते बसलंच.

बेव्हननं फडकं पिळून त्या रांगेवर पसरलं आणि इस्त्री तापायची वाट बघत राहिला.

"अच्छा, माझी इस्त्री इथे आहे होय!" दारात आई उभी होती, एका हातात चहा, दुसऱ्या हातात स्कोन-पावांची बशी. नोलाला ब्याऐंशी वर्षं झाली होती, पण जीभ अजून धारदार होती. "तुझे शर्ट बघून तुझ्यावर संशय आला नसता कधी."

"एकच खड्डा राहिलाय, आई. मग देतो परत."

"कुठला?" तिनं बशी ठेवली, फडकं बाजूला केलं आणि ती जागा बोटांनी चाचपली. "हा नको."

"का? किती वाईट दिसतंय. कुत्र्यानं चावल्यासारखं."

"कुत्र्यानं नाही. मी चावलेय."

बेव्हननं इस्त्री उभी करून ठेवली.

"तुझ्या बापाला पीठ-साखर द्यायला मी वर शिकाऱ्यांच्या खोपीत गेले होते," आई सांगू लागली. "तू यायला चांगले तीन आठवडे होते. पाऊस लागला, नदी फुगली, आणि तुला नेमकी तेव्हाच घाई झाली. खाली उतरायची सोय नाही. तिथे मी, तुझा बाप आणि ही बंदूक. आधी मी त्याचा हात चावला. मग त्यानं हिच्या गोळ्या काढल्या आणि हिला पुढे केलं."

बापाच्या मनगटावर एक व्रण होता. रानडुकरीण चावली, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"म्हणजे ती डुकरीण..."

"मीच. मेला साऱ्या होकिटिका गावाला सांगत फिरला." आई हसली, तशी तिची कवळी हलली. "पुढे तेविसाव्या वर्षी सगळे दात काढून टाकले, तेव्हा बायकांची तशीच रीत होती. माझे खरे दात आता एवढेच उरलेत बघ."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, त्यानं सांगितलं असेल. तू पॉलिश पेपर घेऊन बसला होतास ना, त्या दिवशी."

"नाही सांगितलं. आणि माझ्या वाढदिवसाला तरी कधी आत येऊन बसले का ते?"

"बोलणं त्याला जमायचं नाही रे. तू आत मेणबत्त्या फुंकायचास, आणि तो बाहेर बसून माझे आभार मानायचा. दरवर्षी, याच जागेवर तेल चोळून. मला खिडकीतून दिसायचं."

बेव्हनचे डोळे भरून आले. पन्नास वर्षं ज्या बापावर तो रुसला होता, त्याचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. आणि ही बाई, चहा निवतोय म्हणून काळजीत पडलेली, हिला त्यानं दरवर्षी केकचा पहिला तुकडा दिला होता. आभार मात्र एकदाही मानले नव्हते.

त्यानं इस्त्रीची वायर काढली आणि फळीवरची जवसाच्या तेलाची बाटली उतरवली.

"आता हे कशाला?" आई म्हणाली. "आज कुठे तुझा वाढदिवस आहे?"

"बाबांनी दरवर्षी तुझे आभार मानले," बेव्हननं अंगठा तेलात बुडवला. "माझे एकसष्ट वर्षांचे राहिलेत."