पिंडापुढची बाटली

पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. मुलीचं लग्न थाटात करू, घराचं काम पुरं करू, अशी वचनं देऊन देऊन घाटावर जमलेले नातेवाईक थकले. समोरच्या पिंपळावर सात-आठ कावळे ढिम्म बसून होते.

शेवटी इंदुमतीच्या धाकट्या दिरानं, दिगंबरनं, खिशातून क्वार्टर काढली. "वहिनी, दादाचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन थेंब शिंपडतो, बघा कसा झेपावतो कावळा!" आजूबाजूच्या माना डोलल्या.

इंदुमतीला नवऱ्याचा दवाखान्यातला शेवटचा आठवडा आठवला. हळदीसारखं पिवळं अंग, टम्म फुगलेलं पोट आणि चादरभर रक्ताची उलटी. तिनं बाटली हिसकावली, झाकण फिरवलं आणि सगळी दारू घाटाच्या पायरीवर ओतून दिली.

"अहो वहिनी, आत्मा भटकेल त्याचा!"

"भटकू दे. तेवीस वर्षं भटकतच होते, मीच शोधून घरी आणत होते." बोलता बोलता तिनं दिराकडे निरखून पाहिलं. "आणि भावजी, डोळे पिवळे झालेत तुमचे. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. तुमच्या दहाव्याला मी इथे उभी राहणार नाही, सांगून ठेवते."

दिगंबरचा हात नकळत डोळ्यांकडे गेला.

इंदुमती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि शिववा. त्याला दारू लागत नाही."