वसुमतीअक्कांचं सोवळं

अजूनही कॉफीचा वास आला की मला बंगळूरची ती जुनी कचेरी आठवते. छप्पन्न साली वसुमतीअक्का तिथे टायपिस्ट म्हणून आल्या. बावीस पुरुषांत त्या एकट्या बाई. अकराच्या कॉफीला मी रोज विचारायचो, "अक्का, स्वल्प घेणार?" त्या हसून नको म्हणायच्या. पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. केवढं हे कडक सोवळं, असं म्हणत आम्ही आठ वर्षं त्यांना मनोमन हात जोडले.

चौसष्टात आणखी दोघीजणी कामाला लागल्या, तेव्हा कुठे साहेबांनी मागच्या आवारात बायकांसाठी संडास बांधून घेतला. त्याचं दार उघडलं त्याच दिवशी, अकराच्या ठोक्याला, अक्का स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या.

"अण्णा, कॉफी आहे ना? लोटा भरून द्या."