अकरा फ्रेमचा उशीर

तिचं वाक्य संपल्यावर त्याचं उत्तर यायला अकरा फ्रेम लागत. म्हणजे अर्ध्या सेकंदाला जरा कमी. ती या स्टुडिओत, तो दुसऱ्या शहरातल्या. तिचा आवाज तिकडे जाऊन त्याचा इकडे येईपर्यंत एवढा वेळ जायचाच. प्रेक्षकांना वाटे, नवरा विचार करून टोमणा मारतोय. तिला मात्र ते अंतर वर्षभरात श्वासासारखं ओळखीचं झालं होतं.

आज उत्तर लगेच आलं.

“अर्धा तास झाला, पेपर उलटा धरलायस,” ती म्हणाली होती.

“हल्लीच्या बातम्या सरळ वाचवत नाहीत गं.”

कानातल्या यंत्रात घरोघरच्या माइकवरून हजारो प्रेक्षकांचं हसू उसळलं. कार्यक्रम थेट चालू होता. तिच्यामागच्या उंच एलईडी भिंतीवर बैठकीच्या खोलीचं चित्र होतं: खिडकी, पुस्तकं, संध्याकाळचं ऊन. भिंतीपुढे एक खराखुरा सोफा. त्याच्या डाव्या टोकाला ती, उजवीकडे कोणी नाही. घरी बघणाऱ्यांना तिथे तिचा नवरा बसलेला दिसायचा. तिला तो दिसायचा कॅमेऱ्याखालच्या वहीएवढ्या पडद्यावर.

पंधरा वर्षं ही जोडी खोटं खोटं भांडून लोकांना हसवत होती. जोडी खरोखर मोडल्याचं लोकांना ठाऊक नव्हतं. तो घर सोडून गेला त्याला वर्ष झालं. घटस्फोटाचे कागद येऊन सात महिने. ते तिच्या कपाटात स्वेटरांखाली पडून होते. फोन तो उचलत नसे. पण दर शनिवारी एक तास तो समोर असायचा, आणि त्या तासाच्या जिवावर तिने सही लांबवली होती.

त्यात अलीकडे तो बदलला होता. पूर्वी अधूनमधून तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तोंड घालायचा. गेले तीन शनिवार तो तिच्या शेवटच्या शब्दापर्यंत थांबत होता. शांतपणे, तिच्याकडे बघत.

“ऐकून घेतो गं हल्ली माझं,” तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं. “येईल बघ परत.”

“नवरा ऐकायला लागला? आधी डॉक्टरला दाखव त्याला,” बहीण म्हणाली होती. दोघी खूप हसल्या होत्या.

“मी माहेरी निघून जाईन,” आता ती सोफ्यावरून म्हणाली.

“जा. पण चहाची पावडर कुठे ठेवलीस, तेवढं सांगून जा.”

पुन्हा लगेच. एका फ्रेमचाही उशीर नाही.

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिने ते अर्ध्यावर सोडलं. “तुला साधी पावडर सापडत नाही, आणि मी…”

एक सेकंद. दोन. तीन. स्टेजवर ती अडखळली की तो क्षणात सावरून घ्यायचा. घरी कडाक्याचं भांडण झालेल्या दिवशीसुद्धा. आज तो नुसता बघत राहिला, हसऱ्या चेहऱ्याने. त्याची पापणी लवली. थोड्या वेळाने पुन्हा, अगदी तशीच लवली. पंधरा वर्षांत त्याने तिची एवढी वाट कधी बघितली नव्हती.

“ताई, वाक्य पुरं करा ना,” काचेमागचा ऑपरेटर तिच्या कानात कुजबुजला. “पुढची क्लिप लावून ठेवलीय.”

काचेपलीकडे त्याचा हात तोंडावर गेलेला तिला दिसला.

ती उजवीकडे वळली, रिकाम्या जागेकडे. “खरं सांग,” तिने विचारलं. “किती दिवस झाले, मी तुला दिसतच नाहीये?”

घरोघरी खसखस पिकली.

“हा चौथा शनिवार, ताई,” कानात हळूच आलं. “सगळी उत्तरं एकदाच रेकॉर्ड करून दिली त्यांनी. तुमच्यासमोर बसवत नाही म्हणाले. तुम्हाला कळू नये म्हणून उशीर मी इथून घालायचो. आज विसरलो.”

छोट्या पडद्यावर तो अजून तिचं वाक्य संपायची वाट बघत होता. त्याला कितीही वेळ थांबता आलं असतं.

हसू ओसरलं. आता बायको काय म्हणते म्हणून हजारो घरं कान देऊन बसली. ऑपरेटरने क्लिपचं बटण न दाबता त्यावरचं बोट उचललं.

“जा तू,” ती म्हणाली. “कागदांवर सही करते मी.”